दिवळीतला फोन

शिखरावर माझा नंबर चौदावा लागला.

चढताना सहा तास अभिरामने एकच पालुपद लावलं होतं. "वर पोचलो की दोन दिवस माणूस दिसणार नाही. आपण तिघं, वारा आणि आकाश. बस." शेवटच्या कातळावरून त्याने डोकं वर काढलं आणि तो तिथेच थिजला. त्याच्या बुटांखाली वृंदा, वृंदाच्या बुटांखाली मी. आमच्या तिघांच्या पाठीवर मिळून अख्खा संसार.

"सरक की," वृंदा ओरडली. "साप आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "रांग आहे."

खरंच रांग होती. घारदेवाच्या माथ्यावर कमरेएवढं दगडी देऊळ आहे. त्याच्यासमोर तेरा माणसं एकामागे एक उकिडवी बसली होती. कुणाच्या डोक्याला उपरणं, कुणाच्या हातात छत्री, एका बाईंच्या मांडीवर कोंबडी. चपला काढून बाजूला नीट ओळीत लावलेल्या. साध्या रबरी चपला, त्यांतल्या एकीचा अंगठा तारेने बांधलेला. अभिराम त्या चपलांकडे बराच वेळ बघत राहिला. त्याच्या पायात घोट्याच्या वर जाणारे बूट होते, दोन्ही हातांत काठ्या, आणि मनगटावर उंची सांगणारं घड्याळ.

"नंबर लावा," देवळाच्या पायरीवर बसलेला पन्नाशीचा माणूस म्हणाला.

"कसला?"

"फोनचा."

"मला नाही करायचा फोन," अभिराम म्हणाला.

तो माणूस विचारात पडला. "मग वर कशाला आलाव?"

"डोंगर चढायला."

"ते झालं की. पन वर कशाला?"

अभिरामने उत्तरासाठी आमच्याकडे पाहिलं. वृंदा हसू दाबायला खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागली, जी सुटलीच नव्हती. मी मात्र हात वर केला आणि शाळेत म्हणतात तसं म्हणाले, "मला हवाय."

"चौदा," तो म्हणाला. "ह्या दुसऱ्या ताई पंधरा. काठीवाले सोळा. न्हाई केला तरी चालंल, पन नंबर असू द्या."

त्यांचं नाव बुधाजी. देवाची पूजा त्यांच्याकडे होती आणि आता फोनही. पायथ्याच्या पिंपरखांडात रेंज नाही, वाटेत नाही, माथ्यावरही नाही. आहे ती एकाच जागी, देवळाच्या भिंतीत दिवा ठेवायची जी दिवळी असते तिच्यात. दोन वर्षांपूर्वी बुधाजींनी दिवा लावताना हातातला फोन सहज तिथे टेकवला आणि तो वाजला. तेव्हापासून दिवा खाली आला आणि फोन वर गेला. फोन दिवळीत उभा ठेवायचा. हातात घेतला की रेंज जाते, म्हणून स्पीकर चालू करून दोन पावलं मागे उभं राहायचं आणि ओरडून बोलायचं. पायात काही घालून बोलायचं नाही, कारण जागा देवाची.

आणि वेळ विडीवर. एक विडी, एक फोन. बुधाजी देवाकडे पाठ करून विडी पेटवायचे, ती संपली की बोलणं संपलं.

"दिवसाला इतक्या विड्या?" वृंदाने विचारलं.

"ओढत न्हाई. डाक्टरनं बंद केलीय," ते म्हणाले. "नुस्ती धरतो. सेवा म्हनून."

वारा असला की विडी भराभर जळते आणि लोकांना थोडक्यात आटपावं लागतं. म्हणून सोयरिकी जुळवायच्या असतील तर पिंपरखांडचे लोक वारा पडलेला दिवस बघून वर येतात, असंही त्यांनी सांगितलं.

"पन तुम्ही त्या अंगानं कशाला आलाव?" कोंबडीवाल्या बाईंनी अभिरामला विचारलं. त्या झुंबरबाई, नंबर तेरा. "तिकडनं आमची शेरडं बी येत न्हाईत. हिकडनं पायऱ्या हायत. सवा तास."

"पायऱ्या?" अभिराम म्हणाला, आणि त्याने दोन्ही काठ्या खाली ठेवल्या.

मी घड्याळ बघितलं. पावणेसहाला पाच कमी. एका विडीला पाच मिनिटं धरली तर पावणेसातच्या सुमाराला माझा नंबर. मला बरोबर सात वाजता फोन करायचा होता.

माझी मुलगी रेणू तेव्हा नऊ महिन्यांची होती आणि नऊ महिन्यांत एकदाही माझ्या गाण्याशिवाय झोपली नव्हती. सातला डोळे चोळायची. त्या दहा मिनिटांत गाणं मिळालं तर ठीक, नाहीतर अकरापर्यंत घर डोक्यावर. आणि सोमवारपासून मला कामावर हजर व्हायचं होतं. पॅथॉलॉजी लॅबमधली माझी जुनी जागा त्यांनी राखून ठेवली होती, पण पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. दुसरी रिकामी नव्हती.

यावर तोड निरंजनने, माझ्या नवऱ्याने, काढली होती. रेणूची दुपटी वाळत घालता घालता तो म्हणाला, "शनिवारी तू त्या दोघांबरोबर डोंगरावर जा. वरून फोनवर गा. फोनवर झोपली तर लॅबमधूनही झोपेल."

"आणि नाही झोपली तर?"

"तर सोमवारी त्यांना काय ते कळवून टाक."

राजीनामा हा शब्द त्याने उच्चारला नाही. दुपट्याला चिमटा लावला. म्हणजे अभिरामसाठी ही मोहीम होती, वृंदासाठी सुट्टी आणि माझ्यासाठी तोंडी परीक्षा. दोन दिवसांचं दूध काढून, बाटल्यांवर वेळा लिहून मी निघाले होते. दारात रेणूने मला हात हलवून दाखवला. तिला ते आदल्या दिवशीच यायला लागलं होतं, त्यामुळे ती कपाटालाही हलवून दाखवत होती, पण मला जिना उतरवेना.

रांग सरकू लागली. फोन स्पीकरवर असल्याने इथे कुणाचंच काही खासगी नव्हतं, आणि कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं. चौथ्या नंबरला लग्न ठरलेला एक तरुण होता. तो दिवळीसमोर उभा राहिला तेव्हा सगळ्यांनी सभ्यपणे तोंडं दरीकडे फिरवली. तो पुटपुटला. पलीकडून आवाज आला, "ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला."

तो पुन्हा पुटपुटला.

"काय म्हणता?"

तेव्हा दरीकडे तोंड करून बसलेल्या अख्ख्या रांगेने एकमुखाने ओरडून सांगितलं, "आठवण येती म्हनतोय!"

सहा वाजून पाच मिनिटांपर्यंत पाच फोन झाले. ज्यांचं झालं होतं ते खाली गेले नाहीत. अंधारात पायऱ्या उतरायला बॅटरी एकच, म्हणून सगळे बरोबरच उतरायचे. ते नुसते रांगेतून उठून बाजूला बसले आणि पुढच्यांचं ऐकू लागले.

आणि मग वारा पडला.

बुधाजींच्या हातातली विडी सुस्तावली. धुराची रेघ सरळ वर जाऊ लागली. सातव्या नंबरच्या माणसाने आपल्या मेव्हण्याला सगळं सांगून झालं, विचारून झालं, तरी विडी अर्धीच. "आता काय बोलू?" त्याने रांगेला विचारलं. "हवापान्याचं बोल," रांगेने सांगितलं. संपेपर्यंत बोलायचं असा रिवाज होता. अर्धवट सोडली तर पुढच्याला रेंज लागत नाही म्हणे.

सहा पंचवीसला आठवा. सहा पस्तीसला नववा.

"मामा, एक झुरका घ्या ना," वृंदाने बुधाजींना गळ घातली. "एकच. आम्ही नाही सांगत डॉक्टरला."

"शपथ हाय, ताई."

मग अभिराम उठला. सहा तास त्याने उराशी बाळगलेला प्लॅस्टिकचं वेष्टन घातलेला नकाशा काढला आणि गंभीर चेहऱ्याने तो बुधाजींच्या विडीला वारा घालू लागला. विडी फुलली. तेवढ्यात बोलत असलेल्या दहाव्या नंबरच्या बाईंनी मागे वळून बघितलं.

"ए काठीवाल्या! माझं बोलनं जाळतो का?"

रांगेत एकच गलका झाला. अभिरामला त्याच्या जागेवर, सोळाव्या नंबरावर, परत बसवण्यात आलं आणि बुधाजींनी त्या बाईंना भरपाई म्हणून अर्धी विडी जास्तीची दिली.

सात वाजले. माथ्याखालचे डोंगर एकेक करून निळे पडत होते. अकरावा नंबर अजून व्हायचा होता. घरी आत्ता या क्षणी रेणू मुठीने डोळे चोळत होती आणि निरंजन फोनकडे बघत होता. मला बसवेना. मी उठले, बसले, उठले.

"पोट दुखतंय का?" झुंबरबाईंनी विचारलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. नऊ महिने, गाणं, लॅब, सोमवार. त्यांनी कोंबडी काखेत मारली आणि उभ्या राहून ते रांगेला अशा आवाजात सांगितलं की खाली पिंपरखांडात रेंज नसतानाही ऐकू गेलं असेल.

छत्रीवाला बारावा होता. त्याला जनावरांच्या डॉक्टरला फोन करायचा होता. तो म्हणाला, "म्हैस काय, उद्याबी फुगंल. जाऊ द्या बाईला." झुंबरबाई म्हणाल्या, "माजंबी मागनं." आणि अकरावा नंबर संपताच मी पहिल्या जागी गेले.

"बूट," बुधाजी म्हणाले.

दुहेरी गाठी मारलेल्या नाड्या सोडायला मला दीड मिनिट लागलं. तेवढ्यात झुंबरबाईंनी विचारलं, "गानं कंचं म्हनता?"

"असंच. अंगाई," मी म्हणाले, आणि मला पहिल्यांदा जाणीव झाली की ते गाणं आता सोळा माणसांसमोर म्हणावं लागणार आहे.

कारण ती अंगाई नव्हती. रेणू महिन्याची असताना एका पहाटे मला येत होती तेवढी सगळी गाणी संपली. ती रडत होती, मी उभ्याउभ्या डुलक्या घेत होते, आणि डोक्यात जे शिल्लक होतं ते मी चालीवर म्हणायला सुरुवात केली. डोक्यात सहा वर्षांच्या नोकरीने भरलेल्या रक्ताच्या तपासण्या होत्या. थायरॉईडपर्यंत पोचायच्या आत रेणू झोपली. त्यानंतर तिला दुसरं काही चाललंच नाही. हे निरंजनशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. वृंदालासुद्धा नाही.

मी अनवाणी उभी राहिले. दगड अजून कोमट होता. बुधाजींनी नवी विडी पेटवली. मी माझा फोन दिवळीत उभा केला, दोन पावलं मागे सरले. रिंग गेली. सात वाजून बारा मिनिटं.

"शूऽऽ," निरंजनची कुजबुज सगळ्या माथ्यावर पसरली. "हळू बोल. झोपली."

"काय?"

"झोपली. पाच मिनिटं झाली. डोळे चोळायला लागली, खांद्यावर घेतलं, गॅलरीत गेलो. झोपली."

"काय गायलास?"

"गायलो नाही. खाली गाड्या लावल्यात ना, त्यांचे नंबर वाचले."

रांगेत आनंदाची लाट उसळली. "झोपली! झोपली!" छत्रीवाल्याने छत्री उघडून मिटली. वृंदा मागून माझ्या गळ्यात पडली. "शरू! पास झालीस! सोमवारी जा खुशाल!"

खरं होतं. गाण्याचीही गरज उरली नव्हती, फोनचीही. मला जे हवं होतं त्याच्यापेक्षा जास्तच मिळालं होतं. मी दिवळीकडे बघत होते. नऊ महिने, रोज, आणि आज गाड्यांचे नंबर.

"उठव तिला," मी म्हणाले.

वृंदाचे हात माझ्या गळ्यातून सुटले.

"काय?" फोनमधून निरंजन म्हणाला.

"काय?" मागून वृंदा म्हणाली.

"थोडंसंच उठव. मी गाते. लगेच झोपेल परत."

"शरू, तू बरी आहेस ना? वर हवा विरळ आहे का?"

"उंची एवढी नाहीये," अभिराम घड्याळ बघून म्हणाला.

"उठवा हो!" लग्न ठरलेला तरुण एकदम बोलला. "बाई एवढ्या लांबनं आल्यात. पोर काय, झोपतंय परत."

"खबरदार!" झुंबरबाई कडाडल्या. "झोपल्यालं लेकरू उठवायचं नसतं. आईला करमंना म्हनून लेकरानं उठायचं व्हय?"

"पन गानं ऐकायचं राहिलं ना तिचं," छत्रीवाला म्हणाला.

"तिला काय ठावं राहिलंय ते? हिला ठावं!"

"शरू," निरंजनने विचारलं, "किती लोक आहेत तिथे?"

"सतरा. आणि एक कोंबडी."

"तू तर म्हणालीस तिघंच जाताय."

"इडी जळतीय," बुधाजींनी बजावलं. "काय ते ठरवा. उठवायचं म्हनतात त्यांनी हात वर करा."

सात हात वर झाले. उठवू नये म्हणणारे सात. त्यांत वृंदा होती, माझ्या ते आजही लक्षात आहे. अभिरामने घसा खाकरून हात वर केला, पण ज्याला फोनच करायचा नाही त्याला मत नाही, असं ठरलं. मला मत नव्हतं, कारण मी पक्षकार. सगळ्यांनी बुधाजींकडे पाहिलं.

बुधाजींनी विडीकडे पाहिलं. निम्मी उरली होती.

"न उठवता गा," ते म्हणाले. "त्यांना म्हनावं, फोन पोरीच्या उशाशी ठेवा. गानं झालं पायजे आनि झोपबी मोडता कामा नये."

निरंजनने फोन नेऊन ठेवल्याचा सुळसुळ आवाज आला. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"हिमोग्लोबिन गं हिमोग्लोबिन,
पांढऱ्या पेशी रांगेत गं,
उपाशीपोटी साखर गं,
जेवल्यावरची साखर गं..."

छत्रीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. "पोरीला एवढं काय झालंय?" कुणीतरी हळूच विचारलं. "गप. मंत्र हायत," दुसऱ्याने सांगितलं. मला मागे बघायचं धाडस नव्हतं. पुढे यकृत आलं, मूत्रपिंड आलं. लघवीच्या तपासणीला माझा आवाज चिरकला, पण मी थांबले नाही. थायरॉईडवर मी कधीच पोचले नव्हते. त्या संध्याकाळी घारदेवाच्या माथ्यावर मी पहिल्यांदा ते गाणं शेवटपर्यंत म्हटलं.

मग सगळे ऐकू लागले.

दिवळीतून श्वास येत होता. लांब, सारखा, येणारा आणि जाणारा. मी नाकातून पाणी गाळत उभी होते. लग्न ठरलेल्या तरुणाने डोळे पुसले. "किती निवांत झोपलीय," कुणीतरी पुटपुटलं. श्वास खोल होत गेला. मग त्याच्या शेवटी बारीक शीळ येऊ लागली. मग शीळ संपून घर्रर्र असं काहीतरी, जड लाकूड फरशीवरून ओढल्यासारखं.

झुंबरबाई पुढे झाल्या, दिवळीला कान लावला आणि माझ्याकडे वळल्या.

"नऊ महिन्यांची म्हनला ना?"

"हो."

"मग हा बाप हाय."

मोठ्याने हसायची सोय नव्हती. सोळा माणसांनी पदर, उपरणी, टोप्या तोंडात कोंबल्या. अभिरामने नकाशा चावला. वृंदा खाली बसली आणि तिथेच आडवी झाली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं आणि माझ्या खांद्यांना काय होतंय, हसू की रडू, ते मलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात फोनमधून आणखी एक आवाज आला. अगदी बारीक. ओठ मिटून चोखल्याचा, दोनदा. तो मी ओळखला. सगळे जागच्या जागी गोठले, कोंबडीसुद्धा. मी वाट बघितली. तो पुन्हा आला नाही. बापाचं घोरणं कानाशी चालू असताना रेणू झोपूनच राहिली.

मी दिवळीत हात घातला आणि फोन बाहेर काढला. रेंज गेली.

सोमवारी दुपारी दोनला मी लॅबमध्ये होते. पण ते नंतरचं. त्या वेळी मी बूट हातात घेऊन बाजूला झाले आणि बुधाजींनी विचारलं, "बारा का तेरा?" छत्रीवाल्याने झुंबरबाईंना पुढे केलं. त्यांनी कोंबडी माझ्या हातात दिली. "धरा जरा. घरी ठिवली तर मुंगूस नेतंय."

त्यांनी फोन दिवळीत ठेवला, पदर डोक्यावरून घेतला. दर शनिवारी त्या मुलाला फोन करायला वर येतात, असं छत्रीवाल्याने मला हळूच सांगितलं. मुलगा चौतीस वर्षांचा, चाकणला कारखान्यात.

"हॅलो, आत्याबाई," सुनेचा आवाज आला. "आज उशीर केला?"

"आज गर्दी हाय. सोपान कुठाय?"

"झोपलेत. रातपाळी आहे ना आज. नऊला उठवायचंय."

झुंबरबाईंनी एकदाही आमच्याकडे बघितलं नाही.

"मंग उठव की," त्या म्हणाल्या.

पलीकडे सून काहीतरी पुटपुटली. चपला वाजल्या, एक दार उघडलं, कॉट करकरली. मी कोंबडी पोटाशी धरून आणि बाकीचे आपापल्या जागी, आम्ही सगळे सोपान उठायची वाट बघत उभे राहिलो.